बेळगावहून निघालेली थायलंड धम्मसहल : एक अभिप्राय

बेळगावातील एका प्रवासी संस्थेने निपाणी, चिकोडी आणि खानापूर भागातील उपासक-उपासिकांसाठी काढलेल्या थायलंड सहलीत मी सहभागी झाले होते. पंचशील तेथील रोजच्या जगण्यात कसे पाळले जाते ते दाखवू, असे माहितीपत्रकात म्हटले होते; त्याच कसोटीवर हा अभिप्राय लिहिते आहे.

सहलीतील सर्वांत मोलाचा भाग पहाटेच्या पिंडपाताचा, म्हणजे भिक्खूंच्या भिक्षाफेरीचा होता. बँकॉकच्या एका साध्या वस्तीत भिक्खू अनवाणी, रांगेने येतात. दुकाने उघडण्याआधी बायका-पुरुष चपला काढून गुडघे टेकतात आणि रबर लावून बांधलेल्या पिशव्यांतील भात व रस्सा भिक्षापात्रात ठेवतात. भिक्खू आभार मानत नाहीत, कारण पुण्य देणाऱ्याच्या पदरी पडते आणि कृतज्ञ राहायचे ते त्यानेच, अशी तेथील धारणा आहे. आपल्याकडे त्रिशरण-पंचशील म्हणून कार्यक्रम सुरू होतो आणि पुष्कळदा शील तेथेच थांबते. तेथे दान रोज सकाळी, गाजावाजा न होता, हातून घडते, हे पाहून आमच्यातील ज्येष्ठ मंडळींचे डोळे भरून आले. २२७ नियम पाळणारे, दुपारनंतर न जेवणारे भिक्खू आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील विहारवासात, काही काळ चीवर (भिक्खूचे वस्त्र) धारण करून आई-वडिलांना पुण्य अर्पण करणारे तरुण यांच्याविषयी मार्गदर्शकाने फार चांगले सांगितले.

बँकॉकच्या वाट फो विहारातील बुद्धाची ४६ मीटर लांबीची शयनमूर्ती भव्य आहे, पण ती कोणतीही सहल दाखवते.

उणीव आहे ती अवघड प्रश्न टाळण्याची. विहाराच्या दाराशी पुण्यासाठी सोडायचे पक्षी पिंजऱ्यांत विकायला ठेवलेले होते. सोडण्यासाठीच ते आधी पकडले जातात, मग प्राण्यांना इजा न करण्याच्या पहिल्या शीलाचे काय, हा आमच्यातील एका उपासिकेचा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याहून मोठी खंत भिक्खुणींविषयीची आहे. थायलंडमध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यास संघाने १९२८ साली मनाई केली, आणि त्यामुळे धम्मानंदा या थाई स्त्रीला २००३ मध्ये श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी व्हावे लागले. त्यांचा विहार बँकॉकजवळच नाखोन पाथोम येथे आहे. बाबासाहेब १९२५ साली परिषदेसाठी ज्या निपाणीत आले, तेथील उपासिका सोबत असताना तो विहार कार्यक्रमात नसावा आणि खरेदीच्या बाजाराला मात्र अर्धा दिवस मिळावा, हे मला पटले नाही.

राहण्याची सोय नेटकी होती, शाकाहारी जेवण वेळेवर मिळत होते. मार्गदर्शक इंग्रजीतच बोलत असल्याने खेड्यांतून आलेल्यांना निम्मे समजले नाही. मराठी आणि कन्नड जाणणारा दुभाषी हवाच. दुभाष्याची सोय आणि नाखोन पाथोमची भेट या दोन्ही गोष्टी लेखी कबूल करून घेऊनच पैसे भरावेत.