जावामधून ग्रेडल चालवायचं: प्रोसेसबिल्डर की टूलिंग एपीआय?

आपल्या जावा प्रोग्रॅममधून दुसऱ्या प्रोजेक्टचा ग्रेडल (कोड कंपाइल, टेस्ट आणि पॅकेज करणारं टूल) बिल्ड चालवायचा असेल, तर बहुतेक जण आधी प्रोसेसबिल्डरकडे, म्हणजे बाहेरची कमांड चालवणाऱ्या जावाच्या क्लासकडे, वळतात. मीही वळलो. नवी जार (लायब्ररीची फाइल) नको, प्रोजेक्टमधली रॅपर स्क्रिप्ट (ठरलेल्या व्हर्जनचं ग्रेडल चालवणारी) चार ओळींत सुरू करता येते.

छोट्या प्रोजेक्टवर माझा कोड छान चालला. मोठ्यावर मात्र मध्येच गप्प बसायचा. एरर नाही, एक्झिट कोड नाही. कारण सापडायला अख्खी दुपार गेली. मी आधी 'वेटफॉर' (प्रोसेस संपेपर्यंत थांबणं) करत होतो आणि आउटपुट नंतर वाचत होतो. ग्रेडलचं आउटपुट माझ्या कोडकडे पाइपमधून येतं, आणि लिनक्सवर पाइपचा बफर साधारण 64 केबी असतो. तो भरला की ग्रेडल पुढे लिहू शकत नाही, आणि माझा कोड ग्रेडल संपायची वाट बघत बसतो. म्हणून आउटपुट थेट फाइलमध्ये वळवा, नाहीतर एरर स्ट्रीम त्यातच मिसळून वेगळ्या थ्रेडवर वाचत राहा. विंडोजसाठी बॅट फाइल सांभाळावी लागते ती वेगळीच. एवढं करूनही हातात येतो तो फक्त एक्झिट कोड. कोणता टास्क (बिल्डमधलं एक काम) फेल झाला हे कळायला लॉग चाळावा लागतो.

टूलिंग एपीआय ही ग्रेडलचीच लायब्ररी. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एक्लिप्सचं बिल्डशिप तिच्याच जोरावर चालतात. ग्रेडलकनेक्टरला फोल्डर द्यायचं, कनेक्शन घ्यायचं, टास्कची नावं सांगून रन करायचं. रॅपरमध्ये नोंदवलेलं व्हर्जन ती आपोआप घेते. टास्क सुरू झाला, संपला, फेल झाला, प्रत्येकाचा इव्हेंट मिळतो. बिल्ड मध्येच थांबवायला कॅन्सलेशन टोकन आहे, आणि फेल झाल्यास एक्सेप्शनच्या आत मूळ कारण सापडतं. माझ्या मते याच दोन गोष्टींसाठी ती घ्यावी.

तिचा भार मात्र आधी समजून घ्या. जार ग्रेडलच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून आणावी लागते. बिल्ड नेहमी डेमनमध्येच (मागे चालू राहणाऱ्या ग्रेडलच्या प्रोसेसमध्ये) चालतो, आणि कनेक्शन बंद केलं तरी काम नसलेला डेमन डीफॉल्टने 3 तास मेमरी धरून बसू शकतो. दिवसभर बिल्ड चालवणाऱ्या सर्व्हिसला ते फायद्याचंच, कारण पुढचे बिल्ड लवकर सुरू होतात. कमी मेमरीच्या सर्व्हरवर रात्री एकदाच चालणाऱ्या जॉबला मी प्रोसेसबिल्डरच देईन, डेमन न वापरण्याचा पर्याय लावून. वापरणाऱ्याला स्क्रीनवर प्रगती किंवा 'थांबवा' बटण दाखवायचं असेल, तर सरळ टूलिंग एपीआय.

स्वतःचं ग्रेडल प्लगइन तपासायचं असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी टेस्टकिट या ग्रेडलच्या टेस्टिंग लायब्ररीमधला ग्रेडलरनर आहे. टास्क खरंच चालला की 'अप-टू-डेट' (काही बदललं नाही) म्हणून वगळला गेला, हे तो टास्कगणिक सांगतो.