तीर्थनला जाताना डबीत काय भरावं: सॉफ्ट हॅकल की बीड-हेड निम्फ?

पुण्याहून ट्राउटच्या, म्हणजे थंड पाण्यातल्या माशाच्या, पाण्यावर जायचं म्हणजे जाण्यायेण्यातच सुट्टीचा मोठा भाग जातो. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठावर हातात उरतात जेमतेम चार दिवस. म्हणून दर फेब्रुवारीत कुणी ना कुणी विचारतं, "फ्लाय कुठल्या बांधून नेऊ?" फ्लाय म्हणजे गळावर धागा-पीस बांधून केलेला नकली किडा. विचारणाऱ्याने आजवर स्पिनरवर (पाण्यात गरगरणाऱ्या धातूच्या पात्यावर) मरळ काढलेले असतात आणि फ्लाय रॉड नवा घेतलेला असतो. अशा माणसाला मी सांगतो: निम्म्याहून जास्त डबी सॉफ्ट हॅकलची, म्हणजे मऊ पिसाचे तंतू बांधलेल्या फ्लायची, असू दे; उरलेल्या जागेत निम्फ, म्हणजे डोक्याला मणी लावून जड केलेली, तळाजवळच्या किड्यासारखी फ्लाय.

ड्राय फ्लाय मी या तुलनेत घेतच नाही. वर उठलेल्या ट्राउटला तरंगत्या फ्लायवर घेणं फार सुंदर असतं. पण ती फ्लाय जराही ओढली न जाता वाहायला हवी, आणि तीर्थनसारख्या दगडाळ नदीत मधले तीन-चार प्रवाह लाइन वेगवेगळ्या वेगाने खेचतात. चार दिवसांत तो हात बसत नाही.

आधी बांधणीचं बघू, कारण ते पुण्यातच करायचं आहे. बीड-हेड निम्फला टंगस्टनचा किंवा पितळेचा मणी लागतो. तो गळाच्या नंबरला बसणारा हवा, शिवाय शेपूट, तार, डबिंग (धाग्यावर पिळून अंग बनवायचे लोकरीसारखे तंतू) हे सगळं आलं. सॉफ्ट हॅकलला लागतो १४ नंबरचा गळ, रेशमी धागा आणि एक पीस. नारिंगी आणि पिवळा रेशमी धागा रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास शोधला तर मिळतो. सगळ्यात बारीक मागायचा आणि मेण लावून वापरायचा.

खरी गोम पिसात आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीत तित्तराचं पीस वापरतात. आपल्याकडे तित्तर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा त्या वाटेला अजिबात जाऊ नये. गावरान कोंबडीचं मानेखालचं तपकिरी, ठिपकेदार पीस घ्या. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो पिशवीभर पिसं बाजूला काढून देतो. शाम्पूने धुवा, वर्तमानपत्रावर सुकवा, डांबरगोळीसोबत डब्यात ठेवा. कोंबडा मात्र नको. त्याच्या मानेचं पीस ताठ असतं, पाण्यात हलत नाही. बोटाने उलटं फिरवल्यावर जे पीस लगेच झुकतं आणि सोडल्यावर हळूच परत येतं, ते आपलं.

गळाच्या डोळ्यामागून धागा सुरू करून बार्बच्या (गळाच्या टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या) वरपर्यंत एकाला एक लागून वेढे न्यायचे, तसेच परत आणायचे. पीस टोकाकडून बांधायचं, त्याची आतली खोलगट बाजू गळाच्या मागच्या टोकाकडे ठेवून. मग दीड ते दोन वेढे, बस्स. तंतू गळाच्या वाकापेक्षा किंचित लांब असावेत. माझ्या पहिल्या वर्षीच्या फ्लायवर पाच-पाच वेढे होते. पूर्ण संध्याकाळ एकही मासा लागला नाही. शेवटी दगडावर बसून चिमट्याने तंतू उपटले, दहा-बाराच ठेवले, आणि त्याच फ्लायवर त्याच कुंडाच्या शेपटाकडे, म्हणजे ते उथळ होत संपतं तिथे, मासा आला. विरळ पिसातून पाणी जातं, तंतू मिटतात-उघडतात, आणि तळातून वर निघालेला किडा जसा धडपडतो तसं ते दिसतं. ट्राउटच्या मासेमारीवर पुस्तक लिहिणारा स्कॉटलंडचा स्ट्यूअर्ट १८५७ साली विरळ बांधणीचाच आग्रह धरत होता.

आता पाण्यावर. निम्फ तळाजवळून, प्रवाहाच्या वेगानेच वाहायला हवी. मासा ती तोंडात घेतो आणि थुंकतो. लाइन क्षणभर अडखळली एवढंच आपल्याला कळतं. नवख्याचे बरेच मासे इथेच जातात. शिवाय तीर्थनचा तळ म्हणजे गोट्यांचा ढीग. एका सकाळी मी सात निम्फ दगडांत अडकून गमावल्या. त्या मी महिनाभर रात्री जागून बांधल्या होत्या, वाईट वाटलं.

सॉफ्ट हॅकल पलीकडे, थोडी खालच्या दिशेला टाकायची आणि प्रवाहाला ती आपल्या काठाकडे झुलवत आणू द्यायची. लाइन ताणलेली असते, म्हणून मासा लागला की थेट हाताला धक्का बसतो. तेव्हा झटका मारू नका, रॉड नुसता उचला. झटक्याने फ्लाय तोंडातून निसटते. खालच्या दिशेच्या मासेमारीत मासे सुटण्याचं प्रमाण तसंही जास्त असतं, हा तिचा खरा तोटा. झुला संपल्यावर फ्लाय लगेच काढू नका, तीन-चार सेकंद लटकू द्या. माझे बरेच मासे तिथेच लागलेत.

पण एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मार्चच्या थंड सकाळी, मोठ्या दगडांमागच्या खोल खळग्यांत झुलायला जागाच नसते आणि मासा तळ सोडत नाही. तिथे निम्फच हवी. सॉफ्ट हॅकलचं पाणी म्हणजे कुंडाचं शेपूट आणि लांब, गुडघाभर खोलीचा एकसारखा प्रवाह. वेळ दुपार टळल्यानंतरची. उन्हाने बर्फ वितळून पाणी गढूळ झालं, तर दोन्हीपैकी काहीच नीट चालत नाही. अशा वेळी गढूळ मुख्य प्रवाह सोडून बाजूच्या स्वच्छ नाल्याचं पाणी मिळतं तिथे जा.

दोन्ही एकत्रही बांधता येतात: टोकाला निम्फ, वर हातभर अंतरावर सॉफ्ट हॅकल. परवान्यावर किती गळांना मुभा आहे ते आधी वाचा. पण पहिल्या दोन दिवसांत हे करू नका, गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाते.

हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर असते. म्हणजे बांधायला हिवाळा पुरतो. १४ नंबरच्या बारा नारिंगी, सहा पिवळ्या, १६ नंबरच्या सहा मोरपिसाच्या अंगाच्या, आणि आठ निम्फ. मोरपीस गळून पडलेलंच घ्या. गळांचे बार्ब पकडीने दाबून टाका. ते काम घरीच उरका, काठावर थंडीने बोटं चालत नाहीत.