खुब्याचा गोळा: वाचवायचा की बदलायचा?

पेठ नाक्याजवळ मोटारसायकल घसरून धाकट्या भावाचा खुबा मोडला. स्क्रू बसवले, हाड जुळलंही. वर्षभरानं पुन्हा दुखायला लागलं. आम्ही महिनाभर गुडघ्याला मलम चोळत बसलो. खुब्याची कळ गुडघ्यात उतरते हे कुणाला ठाऊक होतं! मिरजेला एमआरआय झाला तेव्हा ‘एव्हीएन’, म्हणजे रक्त न पोचल्यानं हाड मरणं, हे कळलं.

मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडली किंवा सांधा निखळला की त्या तुटतात, दबतात. मग वरून हाड जुळलेलं दिसलं तरी गोळा आतून मरत जातो. दुखणं कधी दोन वर्षांनीही डोकं वर काढतं.

तुमच्या घरी कुणाला एव्हीएन झाला असेल, तर तुमच्यासमोरही आता आमच्यासारखेच दोन पर्याय असतील: कोअर डीकॉम्प्रेशन करून गोळा वाचवायचा, की कृत्रिम सांधा बसवायचा. कोअर डीकॉम्प्रेशनमध्ये गोळ्यात भोक पाडून आतला दाब कमी करतात, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात. ऑपरेशन छोटं, हाड स्वतःचंच राहतं. पण साधारण ६ आठवडे कुबड्या, आणि एवढं करूनही गोळा खचणार नाही याची हमी नाही. गोळा गोल आहे तोवरच याचा उपयोग. तो चपटा झाल्यावर कुणी हे सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना नक्की दाखवा.

सांधा बदलला की कळ बहुतेक थांबते, एक-दोन दिवसांत वॉकर धरून चालवतात. अडचण वयाची आहे. कृत्रिम सांधा बहुतेकांना १५ ते २० वर्षं, कधी जास्तही टिकतो. साठीतल्या माणसाला तेवढा पुरतो. तिशीतल्याला पुढं कधीतरी तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. उकिडवं बसून धार काढणाऱ्यानं, बांधावर मांडी घालून जेवणाऱ्यानं हे आधीच विचारून घ्यावं, कारण तसं बसायला बहुधा मनाई होते. तरीही गोळा खचलेला असेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर केवळ वय कमी म्हणून वर्षानुवर्षं कळ सोसत राहावं असं मला वाटत नाही.

सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, त्यावर विसंबू नका. एमआरआयला जाताना स्क्रू कोणत्या धातूचे आहेत ते डिस्चार्ज कार्डावर बघून सांगा. धातूमुळं चित्र बिघडतं.

भावाचा गोळा अजून गोल होता, म्हणून आम्ही डीकॉम्प्रेशन केलं. आज चौथा आठवडा. सिगारेट बंद आहे, कुबड्या आहेत, आणि गोठ्याकडं जाऊ नको म्हणून आई उंबऱ्यातच बसून असते.