गोळी की सलाईन? फुफ्फुसांचा दाब आणि रक्तातलं लोह

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, घसरलंय आणि डॉक्टर विचारतायत, 'गोळ्या घ्यायच्या की शिरेतून लोह द्यायचं?' दोन वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नाशी अडलो होतो. दोन्ही करून झालंय, म्हणून हे लिहितोय.

हिमोग्लोबिन चांगलं म्हणजे लोह चांगलं, अशी माझीही समजूत होती. माझं हिमोग्लोबिन होतं 13 आणि फेरिटिन 14. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये, म्हणजे फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो त्या माझ्या आजारात, अशी जोडी सर्रास दिसते. जन्मजात हृदयदोषामुळे ओठ निळे पडतात त्यांचं तर हिमोग्लोबिन 18-20 असूनही लोहाचा खडखडाट असू शकतो. पण त्यांनी माझा कित्ता गिरवू नये. लोह मिळालं की त्यांचं रक्त आणखी दाट होऊ शकतं, त्यामुळे त्यांना ते बेताबेताने आणि लक्ष ठेवून द्यावं लागतं.

गोळीची बाजू साधी आहे. सुई नाही, हॉस्पिटलची फेरी नाही. मी तीन महिने इमानेइतबारे घेतली. उपाशीपोटी घेतली, चहा लांब ठेवला, पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक दिवसाआड केली. फेरिटिन 14 वरून 19 वर आलं! यात सगळा दोष गोळीचा नसावा. आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाला हेप्सिडिन नावाचं संप्रेरक अडवतं, आणि या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत ते वाढलेलं सापडलंय. दारच लोटलेलं असेल तर गोळी बाहेर ताटकळणार. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर लोह आणखी कमी शोषलं जातं. माझी चालू होती.

तरी पाच अंकांच्या वाढीवरही मी निभावलं असतं. गोळी सुटली ती बद्धकोष्ठापायी. हसू नका. एका सकाळी संडासात जरा जोर केला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एक हात भिंतीला, दुसरा दाराच्या कडीवर, कानात घूं घूं, आणि डोक्यात एकच विचार, की आपण आतून कडी लावलीय. कुंथताना छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि आधीच दमलेल्या उजव्या कप्प्याला ती तूट पेलत नाही. निरोगी माणसाला गोळीचा हा त्रास म्हणजे नुसती कटकट. आपल्याला त्यातून चक्कर येऊन पडायची भीती. भरीला शौचाला काळी होते. मी तेव्हा रक्त पातळ करणारी गोळीही घेत होतो, त्यामुळे रोज सकाळी प्रश्न पडायचा, हे लोह की पोटातला रक्तस्राव? त्या दिवसापासून मी कडी लावणं सोडलं आणि पुढच्या भेटीत गोळीही.

सलाईनमधून मला फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिलं. 1000 मिलिग्रॅम एका बैठकीत, आणि औषध जायला पाव तास पुरतो. आयर्न सुक्रोज असेल तर साधारण 200-200 करत बऱ्याच फेऱ्या होतात. धाप लागणाऱ्याने हा फरक आधीच विचारून घ्यावा. माझी पहिली पाच मिनिटं मात्र वाईट गेली. चेहरा तापला, छाती आवळल्यासारखी झाली. सिस्टरांनी सलाईन थांबवलं, डॉक्टरांनी येऊन तपासलं, दहा मिनिटांत सगळं निवळलं, मग हळू सोडलं. अशी सौम्य प्रतिक्रिया काहींना येते. खरी ॲलर्जी विरळा, पण तिच्यासाठीच नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. आणखी एक, या औषधाने रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं आणि त्याचा थकवा हुबेहूब जुन्या थकव्यासारखा असतो. नंतरच्या आठवड्यांत गळून गेल्यासारखं वाटलं तर तेवढी तपासणी करून घ्या. फेरिटिन मात्र लगेच तपासू नका, सुरुवातीला ते फुगलेलं दिसतं. माझं दोन महिन्यांनी 180 आलं.

फायदा काय झाला? मला जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावं लागायचं, ते थांबलं. पण माझा जिना म्हणजे पुरावा नव्हे. पेरूमधल्या सेरो दे पास्कोला, 4,340 मीटर उंचीवर, निरोगी माणसांना शिरेतून लोह दिल्यावर फुफ्फुसांतला दाब उतरल्याचं दिसलं होतं. त्यावरून आशा वाढली. मात्र 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप आणि चीनमधल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत 12 आठवड्यांनी ना चालण्याची क्षमता वाढली, ना फुफ्फुसांतल्या रक्तप्रवाहाला होणारा अडथळा कमी झाला. 2022च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांचाही सूर सावध: लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर लोह भरून काढा, ॲनिमिया नसेल तर विचार करायला हरकत नाही.

पोट नीट साफ होत असेल, कमतरता थोडी असेल, तर दोन-तीन महिने गोळी करून बघण्यात वावगं काही नाही. याच आजारावरच्या प्रोस्टासायक्लिन गटाच्या औषधांनी ज्यांचं पोट सैलच असतं, त्यांना तर ती मानवेलही. पण गोळीने जोर करायची पाळी येऊ लागली तर फार दिवस काढू नका, शिरेतून द्याल का म्हणून विचारा. निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचा. मी मात्र पुन्हा गरज पडली तर सरळ हात पुढे करीन, या खेपेला उजवा. डाव्या कोपराजवळ सुई जरा सरकली होती, चुरचुरत होतं, आणि मी भिडेखातर गप्प बसलो. तिथे चहा सांडल्यासारखा डाग आहे, अजून गेलेला नाही.