जुन्या जेट स्कीला बिल्ज पंप बसवून घेताय? पैसे देण्याआधी पंपाचं तोंड मोजा

सीझनच्या तोंडावर सिंधुदुर्गातल्या देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ला या पट्ट्यात काही फिरते कारागीर येतात. जुन्या जेट स्कीला बिल्ज पंप, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बसवून देतो म्हणतात, काम एका दुपारात उरकतात, रोख घेतात आणि निघून जातात. त्यातल्याच एकाने आमच्या सी-डू जीटीआय जेट स्कीला पंप बसवला. मशीन थोडक्यात वाचलं. आत नेमकं काय केलं होतं ते सगळं लिहितोय, कारण तोच माणूस आणि तोच माल अजून किनाऱ्यावर फिरतोय.

पंपाची गरज खरीच होती. या मशीनमध्ये आतलं पाणी काढायला कंपनीने दोन बेलर नळ्या दिलेल्या असतात. जेटच्या प्रवाहामुळे जी ओढ तयार होते, तिच्यावर त्या पाणी बाहेर खेचतात. म्हणजे मशीन पळत असेल तरच त्या चालतात. आमचं मशीन कर्ली नदीच्या पात्रात नांगरावर राहतं. रात्री इंजिन बंद असताना आत पाणी झिरपलं तर ते काढणारं काहीच नसतं. त्यासाठी बॅटरीवरचा पंप आणि पाणी वाढलं की तो आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच हवा.

त्याचं बोलणं ठाम होतं. "शेठ, अकराशे जीपीएचचा ओरिजिनल मरीन पंप टाकतो. वायर टिन्ड, फ्लोट स्विच सेपरेट. तुमची कार्बन रिंग पण गेलीय, तीही बदलून देतो." जीपीएच म्हणजे पंप तासाला किती गॅलन पाणी उपसतो ते, टिन्ड म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर आणि कार्बन रिंग म्हणजे शाफ्टजवळ पाणी अडवणारी कडी. सगळे मिळून साडेअठरा हजार. पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं, ते आजतागायत आलेलं नाही. काम झाल्यावर त्याने मशीन पाण्यात उतरवलं, इंजिन सुरू केलं, बटण दाबलं आणि बाजूच्या भोकातून पाण्याची धार उडवून दाखवली. बघणाऱ्याला वाटावं, झालं काम. पण ती चाचणी इंजिन चालू ठेवूनच का केली, याचं उत्तर पुढे मिळालं.

उधाणाच्या भरतीत एका रात्री मशीनची मागची बाजू पाण्यात बसलेली दिसली. सीट उघडली तर फ्लोट स्विच पूर्ण पाण्याखाली आणि पंप गप्प. चौघांनी मिळून ते ट्रॉलीवर ओढून घेतलं. सकाळी वाडीतल्या जुन्या आउटबोर्ड मेकॅनिक काकांनी एकेक वस्तू सोडवून तपासली.

फ्लोट स्विचची वायर थेट बॅटरीवरून न घेता चावीनंतरच्या लाइनवर जोडलेली होती. चावी काढली की पंप मेला. ज्या वेळेसाठी पंप बसवायचा, नेमक्या त्याच वेळी तो बंद. इंजिन चालू ठेवून चाचणी दाखवण्याचं कारण हे. फ्यूज तर कुठेच नव्हता.

मग पंप. लेबलवर ११०० जीपीएच, म्हणजे तासाला साधारण ४१६० लिटर. काकांनी त्याच्या पाणी फेकणाऱ्या तोंडाला व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावला: १९ मिलिमीटर. नावाजलेल्या कंपन्यांच्या ११०० च्या पंपाचं तोंड सव्वा इंचाहून थोडं कमी, २९ मिलिमीटरचं असतं. १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंची, ५०० च्या पंपाला येतं. नखाने खरवडल्यावर लेबल सुटलं. पूर्ण चार्ज बॅटरीवर आम्ही बादली लावून बघितली. ११०० चा पंप मोकळ्या तोंडाने वीस लिटरची बादली १७-१८ सेकंदांत भरतो. नळी आणि उंचीमुळे वेळ वाढतो हे धरलं तरी या पंपाला मिनिटाहून जास्त लागलं. म्हणजे तो धड ५०० चाही नव्हता.

वायरची तपासणी सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. ब्लेडने एक तार तिरकी कापायची. टिन्ड वायर बाहेरून चंदेरी दिसते आणि आत तांबं निघतं. आमची बरोबर उलटी निघाली: बाहेर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. खाऱ्या हवेत ते किती टिकणार? जोडांवर पांढरी पूड आधीच धरली होती. जोडही नुसते पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेले.

याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे. जेट स्कीचं पोट बंद असतं आणि पेट्रोलची टाकी त्याच पोटात असते. वाफ साचली आणि सैल जोडातून ठिणगी उडाली तर सीटवर बसलेल्या पर्यटकाचं काय होईल? अनेकदा पुढे लहान मूल बसलेलं असतं. म्हणूनच अशा जागी वापरायची विजेची वस्तू ठिणगी बाहेर न जाऊ देणारी लागते. पंपावर किंवा त्याच्या कागदावर आयएसओ ८८४६ असा उल्लेख बघायचा. आमच्या पंपावर खरवडलेल्या लेबलाखाली काहीच नव्हतं. नुसते चार हजार रुपये जास्त घेतले असते तर मी एवढं लिहिलं नसतं.

आणि कार्बन रिंग? ती बदललीच नव्हती. शाफ्ट जिथून आत येतो तिथे रबरी बेलो ही रिंग स्टीलच्या रिंगवर दाबून धरतो, त्याने पाणी अडतं. आमचा बेलो ढिला पडला होता, रिंगवर चरे तसेच होते, वर फक्त नवं ग्रीस. पाणी तिथूनच येत होतं. काका एवढंच म्हणाले, "दुखणा खंय आणि पट्टी खंय! पाणी खंयसून येता ता आधी बघूक व्हया." खरंच आहे ते. या मशीनची बॅटरी १८ अँपिअर-अवरच्या आसपास असते. दोन-सव्वादोन अँपिअर खाणारा पंप सलग चालला तर आठ-नऊ तासांत ती बसते. गळती चालूच राहिली तर उत्तम पंपही मशीनला फक्त तेवढे तास तरंगत ठेवणार.

बाहेरचं भोक पाण्याच्या रेषेला जवळजवळ टेकलेलं होतं, नळीला वर वळसा नव्हता, आणि सील बाथरूमच्या सिलिकॉनने केलेलं. मागून दोन माणसं चढली की तिथूनच उलटं पाणी आत.

फोन केल्यावर आधी "पाहतो दादा", मग "तुमच्या पोरांनी वायर ओढली असेल", मग नंबर बंद. पंप, लेबल, वायरचे तुकडे आणि पैसे दिल्याचे मेसेज जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी वस्तू घेतली की तुम्ही ग्राहक ठरत नाही, असं सांगून काही जण घाबरवतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूला 'व्यावसायिक हेतू'तून वगळलेलं आहे. स्वतः राबून एक-दोन मशीन चालवणाऱ्यांनी मागे हटू नये.

कुणाकडूनही काम करून घ्या, पण मशीन ट्रॉलीवर असतानाच ड्रेन प्लग घट्ट लावून आत दोन-तीन बादल्या गोडं पाणी ओतायला सांगा. चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. फ्लोट उचलला जाऊन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे आणि पाणी उपसल्यावर आपोआप थांबला पाहिजे. काढलेली जुनी कार्बन रिंग हातात मागून घ्या. पंपाचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या. यातल्या एकाही गोष्टीला कारागीर "वेळ नाही शेठ" म्हणाला तर पैसे देऊ नका. आमच्याकडे आलेला माणूस हल्ली गोव्याच्या बाजूला कामं धरतोय असं कानावर आलं आहे. त्याच्या पेटीतले पंप निळ्या खोक्यात असतात आणि खोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नसतं.