जुन्या गोव्यातली अत्याचारांच्या इतिहासाची पायी फेरी : जरूर जा, पण हातकातरो खांबापाशी कान उघडे ठेवा

पणजीतले एक छोटे खासगी मंडळ शनिवारी सकाळी जुन्या गोव्यात ही फेरी काढते. साडेतीन तास, माणशी 700 रुपये, एका गटात फार तर 15 जण, भाषा मराठी किंवा कोकणी. विषय पोर्तुगीज सत्तेने गोव्यात केलेले अत्याचार आणि त्यांवरून आजही पेटणारे वाद. बसमधून येणाऱ्या पर्यटकांना इथे सोनेरी वेदी आणि संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी दाखवतात. हे मंडळ त्याच चौकांत उभे राहून दुसरी बाजू सांगते. त्यासाठी धैर्य लागते आणि वाटाड्याकडे ते आहे.

त्याची मोठी चूक म्हणजे साडेचारशे वर्षांत गोव्यात जे जे क्रूर घडले ते सगळे तो इन्क्विझिशन या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या खात्यावर टाकतो. सेनापतीने केलेली कत्तल, व्हाइसरॉयचा कायदा, किल्लेदाराने पाडलेली देवळे, धर्मन्यायालयाचे खटले आणि विसाव्या शतकातला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे पोलीस ही पाच वेगवेगळी प्रकरणे आहेत. प्रत्येकाचा हुकूम देणारा वेगळा, तारीख वेगळी, कागद वेगळे. ती एकत्र कालवली की समोरचा एक तारीख चुकीची दाखवतो आणि उरलेले सगळेच खोटे ठरवून मोकळा होतो. म्हणून कुठल्या थांब्यावर काय नीट सांगितले जाते आणि कुठे गडबड होते, ते खाली देत आहोत.

सुरुवात मांडवीकाठच्या व्हाइसरॉय कमानीपाशी होते. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय म्हणून आलेल्या त्याच्या पणतूने तो बसवला. आजची कमान 1954 मधली फेरबांधणी आहे. वाटाड्या इथे 1498 चा जलमार्ग सांगतो आणि पुढे निघतो. खरे तर थांबायला हवे ते 1502 पाशी. त्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे ‘मिरी’ हे जहाज बायकामुलांसकट जाळले, आणि कालिकतसमोर पकडलेल्या माणसांचे हातपाय छाटून ते होडीत भरून किनाऱ्याकडे सोडले. हे पोर्तुगिजांच्याच बखरींतून कळते. विरोधकांनी रचलेली गोष्ट म्हणून ते झटकता येत नाही.

तिथून सेंट कॅथरीनचे चॅपेल. हा फेरीतला सर्वांत भक्कम थांबा. 25 नोव्हेंबर 1510 ला अफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून शहर घेतले, तो सेंट कॅथरीनचा दिवस. आल्बुकेर्क कुठल्या दारातून आत शिरला ते सांगणारा शिलालेख इथे आहे. वाटाड्या 22 डिसेंबर 1510 च्या पत्राचा मजकूर वाचून दाखवतो. राजा मानुएलला आल्बुकेर्क स्वतः कळवतो, की चार दिवस कत्तल चालली, मुसलमानांना मशिदींत कोंडून आग लावली, सुमारे 6000 माणसे मेली, मात्र शेतकरी आणि ब्राह्मण यांना हात लावला नाही. ही शेवटची ओळ वाटाड्या गाळत नाही, हे विशेष. त्या काळी आल्बुकेर्क लढाईत आदिलशाही सैन्याविरुद्ध हिंदू सरदार तिमोजाची मदत घेत होता. धर्मांतराची सक्ती पुढच्या पिढीतली. हा क्रम कळला की बरेच वाद तिथेच निवळतात.

मग से कॅथेड्रलजवळचा चौक. इन्क्विझिशनची इमारत इथे होती, आज तिचा दगडही नाही. आदिलशहाचा जुना वाडा 1554 पर्यंत पोर्तुगीज गव्हर्नरांकडे होता, ते नदीकाठच्या किल्ल्याच्या वाड्यात गेल्यावर 1560 मध्ये तो न्यायालयाला मिळाला. एकोणिसाव्या शतकात तो पाडला. सेंट कॅजेटनच्या आवारात जो दगडी दरवाजा उभा आहे तो नदीकाठच्या त्या दुसऱ्या वाड्याचा. बरेच वाटाडे त्यालाच इन्क्विझिशनचे दार म्हणून दाखवतात. या मंडळाचा वाटाड्या ती चूक करत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र तो घसरतो. ‘हजारो जिवंत जाळले’ असे वाक्य येते. 1812 ला न्यायालय कायमचे बंद झाल्यावर गोव्यातले बहुतेक दप्तर नष्ट झाले, पण लिस्बनला पाठवलेल्या याद्या उरल्या. त्यांवरून 1561 ते 1774 या काळात सुमारे 16 हजार खटले दिसतात. प्रत्यक्ष जाळलेले 57, आणि पळालेल्या किंवा आधीच मेलेल्यांच्या जागी पुतळे जाळले ते 64. आता कुणी म्हणेल, दोनशेहून अधिक वर्षांत 57 म्हणजे काहीच नाही. या युक्तिवादाचे उत्तर वाटाड्याच्या तोंडी हवे होते. आरोप कुणी केला ते आरोपीला कळत नसे, आरोप काय तेही त्यालाच ओळखून कबूल करावे लागे. अटकेबरोबर मालमत्तेवर टाच येई. शिक्षा म्हणजे गलबतांवर वल्ही मारणे, पणेलीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणे, हद्दपारी, सान बेनितो नावाचा कलंकाचा झगा घालून मिरवणूक. शार्ल देलॉन हा फ्रेंच वैद्य दमणला पकडला गेला आणि जानेवारी 1676 च्या ऑतो-द-फेमध्ये, म्हणजे शिक्षा जाहीर करण्याच्या सार्वजनिक सोहळ्यात, अनवाणी चालवला गेला. कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली की शहराला काय कळत असे, ते त्याने लिहून ठेवले आहे. खटल्यांच्या संख्येवरून दहशतीचा अंदाज येतो, चितांच्या संख्येवरून येत नाही.

इथेच एक नाव हमखास विचारा: गार्सिया द ओर्ता. हिंदुस्थानी औषधींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. 1568 मध्ये वारला, पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला जिवंत जाळले आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. सुरुवातीच्या दशकांत न्यायालयाचा रोख नव्याने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंवर होता. नंतर तो वळला बाटलेल्या गोवेकरांवर, म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही घरात जुन्या चालीरीती पाळणाऱ्यांवर. 1736 च्या फर्मानात दारची तुळस, लग्नातल्या ओव्या, विडा-सुपारी, धोतर-चोळी यांवर बंदी आहे. ती बंदी कुणावर? ख्रिस्ती घरांवर. वाटाड्या हे प्रकरण ‘हिंदू विरुद्ध ख्रिस्ती’ असे रंगवतो, तेव्हा गटातले कॅथलिक गोवेकर गप्प होतात. वास्तविक सर्वाधिक आरोपी त्यांच्याच पूर्वजांपैकी होते. या एका मुद्द्यावर मंडळाने संहिता बदलायलाच हवी.

सेंट पॉल कॉलेजची उरलेली कमान पाहताना गट थकलेला असतो, पण लक्ष द्या. 1556 मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना याच कॉलेजात आला. आणि 1559 च्या राजाज्ञेने अनाथ हिंदू मुले नातेवाइकांकडून काढून इथल्या पाद्रींच्या ताब्यात द्यायचे ठरले. दोन्ही गोष्टी एकाच दाराशी सांगितल्या जातात आणि त्या तशाच सांगायला हव्यात. हा कायदा सरकारचा, इन्क्विझिशनच्या आधीचा. देवळांचेही तसेच: तिसवाडीतली 1540 च्या सुमारास पाडली, साष्टीतली 280 देवळे 1567 मध्ये राशोलच्या किल्लेदाराने. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, हलली. तो फोंडा पोर्तुगिजांकडे आला 1763 मध्ये, आणि ती देवळे आजही तिथेच आहेत.

आता हातकातरो खांब. इन्क्विझिशनवाले इथे हात कापत, असे ठासून सांगितले जाते आणि फोटो निघतात. खांब काळ्या दगडाचा, बहुधा पोर्तुगीजपूर्व बांधकामातला, आणि शहराचा शिक्षेचा खांब म्हणून वापरलेला. अशा खांबाशी शिक्षा देणे हे नगरपालिकेच्या न्यायाचे काम. इन्क्विझिशनच्या शिक्षांत हात तोडणे बसत नाही, आणि देहान्ताची शिक्षाही धर्मन्यायालय आरोपीला सरकारी अधिकाऱ्याच्या हवाली करून घडवून आणी. लोकांची आठवण म्हणून खांबाचे जतन व्हावे, यात शंका नाही.

पण गोव्यात हात तोडल्याचा पक्का दाखला हवा असेल तर तो इथून जवळच, बाणस्तारीचा आहे. 1512 मध्ये आल्बुकेर्कने बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. आदिलशाही सरदार रसूल खानाकडे काही फुटीर पोर्तुगीज होते. त्यांना जीवदान देऊ, या अटीवर ते ताब्यात मिळाले. जीव ठेवला. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडला. त्यातला फर्नांव लोपिश पुढे सेंट हेलेना बेटावर एकटा राहिला. ज्यांचे हात तुटले ते पोर्तुगीज होते, तोडणारे पोर्तुगीज होते, आणि हुकूम सेनापतीचा होता. ही हकीकत फेरीत अजिबात नाही. खांबापाशी ती सांगितली तर दंतकथेची गरजच उरणार नाही.

रुआ दिरैता या जुन्या मुख्य रस्त्यावरून फेरी परत फिरते. इथे माणसांचा लिलाव होत असे. त्यांत मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी पुष्कळ. या विषयाला मिळतात जेमतेम दोन मिनिटे. आफ्रिकी गुलामांचे वंशज फेरीला येत नाहीत, म्हणून त्यांचे दुःख आटोपते घ्यावे हे बरोबर नाही.

शेवटी झाडाखाली अर्धा तास चर्चा. प्रश्न ठरलेला: इंग्रज बरे की पोर्तुगीज? मग जालियनवाला बागेचे 1650 राउंड, बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत तोडलेले हात, बांदा बेटांवर 1621 मध्ये डचांनी केलेली कत्तल, सगळे एका तराजूत पडते आणि आवाज चढतात. हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी सालाझारच्या काळाला पूर्ण अर्धा तास द्यावा. ‘पोर्तुगिजांच्या वेळी शिस्त होती’ हे वाक्य गोव्यात अजून ऐकू येते. त्या शिस्तीत लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. बाळा मापारी 1955 मध्ये पोलीस कोठडीत मारले गेले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्रिस्तांव ब्रागांस कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले, मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही 1969 पर्यंत तिकडच्या तुरुंगात होते. गोव्यातल्या कैद्यांचे हाल करणारा पोलीस कासिमिरो मोंतेरो याने 1965 मध्ये सालाझारचा पोर्तुगीज विरोधक जनरल उम्बेर्तो देल्गादो यालाही स्पेनच्या हद्दीत ठार केले. सत्तेला गोवेकर आणि पोर्तुगीज विरोधक यांत फरक करायचा नव्हता, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

काही व्यवहाराच्या गोष्टी. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. 24 नोव्हेंबरपासून झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालू असते आणि 3 डिसेंबरला फेस्त. गर्दीत वाटाड्याचे काही ऐकू येत नाही, तेवढे दिवस टाळा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, घसरणाऱ्या चपला नकोत. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. फेरीत ते नाही, पण आल्बुकेर्कचा पुतळा आणि व्हाइसरॉयांची चित्रे तिथेच आहेत, म्हणून फेरीनंतर तासभर ठेवा. ज्यांना वेळ आहे त्यांनी कमानीजवळच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट धरावी. सप्तकोटेश्वराचे मूळ ठाणे त्या बेटावरच्या नार्व्याला, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून घेतलेले देऊळ नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला. एका दिवसात दोन्ही होतात.