दीड महिना गावच्या वाचनालयात: काउंटरला पाच स्टार, स्टेजला दोन

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून २०२५ चा दसरा झाल्यावर लॅपटॉप उचलून गावी आलो आणि नोव्हेंबर संपत आला तेव्हा परत गेलो. आईला चालायला बंदी होती, वाचायला नव्हती, उलट पडून असल्यामुळे तिचा स्पीड डबल झालेला, त्यामुळे दर दोन दिवसांनी वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेत असताना जायचो त्यानंतर आत्ताच, म्हणजे मधे वीसेक वर्षं गेली. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, वाचनालयाचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आईला अजून तिथूनच पुस्तकं आणायची आहेत.

आधी कामाचं सांगतो. सरकारी प्रतवारीत ब वर्गाचं वाचनालय, वेळ सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८, सोमवार बंद. अनामत ५०० रुपये, वर्गणी महिना ४०, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. पेपर वाचायला पैसे नाहीत, कोणीही येऊन बसा. माणसं तीन: ग्रंथपाल मॅडम, देवघेवीला एक पोरगा आणि शिपाई मामा, जे झाडण्यापासून फाटलेल्या पुस्तकाला खळ लावण्यापर्यंत सगळं करतात. सरकारी अनुदान दोन हप्त्यात येतं, तेही वेळेवर आलं तर, २०२२ मधे ६० टक्के वाढवलं म्हणून मोठी बातमी झाली होती पण मुळात आकडाच इतका बारीक की वाढवून वाढवून किती वाढणार. मामांना दिवाळीआधी पगार मिळाला का असं मी विचारलं तर म्हणाले "मिळंल की, कुठं जातोय." एवढंच.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. काउंटरवर जाऊन म्हटलं आईसाठी एखादी चांगली कादंबरी द्या. मॅडमनी कार्ड बघितलं, नाव बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनींना ना? रडकं नको त्यांना, आणि बारीक टाइप पण नको, मोतीबिंदूनंतर त्रास होतो." हे माझ्या आईबद्दल मला माहीत नव्हतं हो! मोतीबिंदूचं माहीत होतं, बारीक टाइपाचं नाही. मग त्यांनी कपाटातून तीन पुस्तकं काढली, एकेक मधूनच उघडून पान ५१ बघितलं आणि दोन परत ठेवली. मला कळेना. तर पान ५१ वर खाली कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक बारीक खुणा, कुठे फुली, कुठे टिंब, कुठे 'द', कुठे चांदणी. नेहमीचे म्हातारे वाचक आपलं पुस्तक वाचून झालंय का ते लक्षात राहावं म्हणून ५१ वर खूण करतात, आणि माझ्या आईची खूण म्हणजे छोटा त्रिकोण. दोन पुस्तकांत त्रिकोण होता. म्हणजे कॉम्प्युटरवर सगळी नोंद आहे, पण नेट गेलं की (रोज जातं) ही पेन्सिलची सिस्टीम चालते आणि ती कधी हँग होत नाही. पुस्तकावर लिहू नये अशी पाटी बरोबर त्याच कपाटावर लावलेली आहे.

घरी येऊन आईला विचारलं तर ती जरा लाजली आणि म्हणाली सगळेच करतात.

आता कार्यक्रम. त्या दिवसांत भरपूर होते कारण सीझनच तसा, १५ ऑक्टोबरला कलामांची जयंती म्हणून वाचन प्रेरणा दिन, मग दिवाळी अंक, मग १४ नोव्हेंबरपासून ग्रंथालय सप्ताह. वाचन प्रेरणा दिनाचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, वेळ सकाळी दहा. मी पावणेदहाला पोचलो, ही माझी चूक. जवळच्या शाळेची साठ-सत्तर पोरं सतरंजीवर उन्हात बसवलेली, प्रमुख पाहुणे आले अकराला. मग दीपप्रज्वलन, समईची वात वाऱ्याने विझतेय ती परत लावा, फोटोला हार, मग पाहुण्यांचा सत्कार शाल श्रीफळ, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, प्रास्ताविक, मनोगत, अजून एक मनोगत, अध्यक्षीय भाषण. माईक दर दोन मिनिटांनी कुईं करायचा. अध्यक्ष एकटे ४० मिनिटं बोलले, त्यात हल्लीची पिढी मोबाईलमुळे वाचत नाही हे पाचदा आलं, आणि समोर बसलेली पिढी शांतपणे उन्हात भाजत होती, एकाकडेही मोबाईल नव्हता. मोबाईल सगळे खुर्च्यांवर बसलेल्यांकडे होते, फोटो काढायला.

गंमत अशी की स्टेजच्या मागच्या भिंतीवर रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगवलेत, १९३१ सालचे ते प्रसिद्ध, आणि अध्यक्ष बरोबर चौथ्या नियमाखाली उभे होते: वाचकाचा वेळ वाचवा. मी फोटो काढलाय पण टाकत नाही.

प्रत्यक्ष वाचन किती झालं? दहा मिनिटं. घंटा वाजली म्हणून. पोरांच्या हातात एकेक पुस्तक दिलं, उघडा म्हणाले, फोटो झाले, मिटा म्हणाले. एक मुलगी, सहावीतली असेल, पुस्तक द्यायलाच तयार नव्हती, कारण गोष्ट निम्म्यात आलेली. बाई ओढतायत आणि ती धरून ठेवतेय. शेवटी मॅडम आल्या आणि बाईंना म्हणाल्या राहू दे, मी तिच्या नावावर लिहिते. तिचं खातंच नव्हतं. अनामत कोणी भरली देव जाणे, पण पुढच्या शनिवारी ती मुलगी पुस्तक बदलायला आलेली मी बघितली, सोबत धाकटा भाऊ.

दिवाळी अंकांची योजना मात्र एक नंबर. ३५० रुपये भरायचे आणि दोन महिने पाहिजे तेवढे अंक बदलून न्यायचे. आजकाल एकेक अंक तीनशे-चारशेच्या घरात गेलाय, विकत किती घेणार, त्यामुळे का. र. मित्रांनी १९०९ मधे 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही सवय तालुक्याच्या गावात टिकलीय ती अशा योजनांवर, असं मला वाटतं. पण नियम कडक. अंक दोन दिवसांत परत, उशीर झाला तर दिवसाला ५ रुपये, आणि आल्या आल्या प्रत्येक अंकाला खाकी पुठ्ठ्याचं कव्हर चढतं. ते मामांचं काम. दिवाळीच्या तोंडावर गेलो तर मामा जमिनीवर मांडी घालून बसलेले, एका बाजूला कोऱ्या अंकांची थप्पी, दुसरीकडे खळीचा डबा, सुई दोरा. आधी अंकाच्या मधल्या पिना काढतात, गंजतात आणि पान तिथेच फाटतं म्हणून, मग दाभणाने तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवतात, मग पुठ्ठा, मग आतल्या पानावर शिक्का, आणि अजून एक शिक्का कुठल्यातरी ठरलेल्या आतल्या पानावर, जे पान कुठलं ते सांगत नाहीत. पहिलं पान फाडून अंक रद्दीत विकला तरी ओळखू यावा म्हणून. मी बराच आग्रह केला. "सांगितलं तर मग गुपित कसलं," म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

'आवाज' हा विनोदी अंक नंबर न लावता कोणालाच पहिल्या आठवड्यात मिळत नाही हे लक्षात ठेवा, त्यातल्या खिडक्या, म्हणजे कापलेल्या पानामागून दिसणारी चावट चित्रं, कोणीतरी कापून नेण्याआधी बघायच्या असतात म्हणून म्हातारी मंडळी आधीच नंबर लावून ठेवतात. शिवाय जानेवारी २०२६ मधे साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन होणार होतं आणि अध्यक्ष कादंबरीकार विश्वास पाटील, त्यामुळे त्यांच्या सगळ्या जाडजूड कादंबऱ्या बाहेर गेलेल्या आणि वेटिंग लिस्ट वहीत. मॅडम म्हणाल्या दर संमेलनाला असंच होतं, निवड झाली की मागणी येते, संमेलन झालं की पुस्तकं परत कपाटात.

आता तक्रारी. पहिली, अभ्यासिका. वरच्या मजल्यावर आहे, महिना ३०० रुपये, खरं उत्पन्न तिचंच असणार. तिथली पोरं वाचनालयाचं एकही पुस्तक घेत नाहीत, स्वतःच्या क्लासच्या नोट्स घेऊन येतात, पण दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. राज्यसेवेची पूर्व परीक्षा २८ सप्टेंबरला होती, मराठवाड्यातल्या पुरामुळे ९ नोव्हेंबरला ढकलली, त्यामुळे ऐन दिवाळीत पोरं तिथे. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी पेपर वाचायला गेलो तर वरून एकजण डबा धुवायला खाली आलेला, फराळाचं त्यात काही दिसलं नाही, पोहे होते. चाळीस खुर्च्या, तीन पंखे, आणि टॉयलेट एक, त्याला कुलूप, किल्ली मॅडमच्या ड्रॉवरमधे, आणि वाचनालय ११ ते ४ बंद! म्हणजे दुपारी वरच्या पोरांनी, आणि पोरी पण आहेत, काय करायचं? हे मी अभिप्राय वहीत लिहिलं. माझ्याआधी त्याच वहीत तीन जणांनी तेच लिहिलेलं होतं, सगळ्यात जुनी नोंद मार्चमधली. स्टेजला नवीन कापड आलं, फ्लेक्स आले, एका किल्लीची डुप्लिकेट येत नाही. परीक्षा झाल्यावर मंगळवारी गेलो तर वर निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि भिंतीवर चिकटवलेली टाइमटेबलं तशीच.

दुसरी तक्रार पैशाची. मी परत केलेलं एक पुस्तक कॉम्प्युटरवर 'येणे' दाखवत होतं, देवघेवीचा पोरगा म्हणाला १८ रुपये दंड. १८ रुपयांसाठी मी भांडलो, लाज वाटते पण भांडलो. तो ऐकेना, स्क्रीनवर दिसतंय ना मग. तेवढ्यात मॅडम आल्या, स्क्रीनकडे बघितलं पण नाही, थेट उठून गेल्या आणि चरित्रांच्या कपाटातून पुस्तक काढून आणलं. पाठीवर वर्गीकरणाचा आकडा ८९१.४६३, म्हणजे मराठी कादंबरी, पण नावात कोणाचं तरी नाव होतं म्हणून पोराने चरित्रात लावून टाकलेलं. त्याला नंतर बाजूला घेऊन आकडे समजावत होत्या, ओरडल्या नाहीत. नवीन आहे तो, शिकेल. पण मला सॉरी कोणी म्हटलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

पेपर विभागाबद्दल जास्त लिहीत नाही, सगळीकडे सारखाच असतो. आठला दार उघडायच्या आधी सात-आठ काका पायरीवर, आत गेल्यावर एक पेपर चार जणांत वाटून घेतात, आणि शब्दकोडं कोणीतरी पेनाने सोडवलेलं, तेही चुकीचं.

ग्रंथालय सप्ताहात ग्रंथदिंडी निघाली, पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम, बाजारपेठेतून फिरली, छान वाटलं, ट्रॅफिक जाम झालं. कविसंमेलनाला मी गेलो नाही, खरं सांगतो, जाऊन आलेल्यांकडून कळलं की कवी अठरा आणि श्रोते अकरा. पण बालदिनाला एक झालं ते सांगायलाच पाहिजे. कार्यक्रम होता गोष्ट सांगण्याचा, एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आलेल्या, सत्तरीच्या पुढच्या. माईक परत कुईं करायला लागला आणि मग बंदच पडला. आयोजक धावपळ करतायत, इलेक्ट्रिशियनला फोन लावतायत, तोवर बाई स्टेजवरून खाली उतरल्या, चप्पल काढली, आणि पोरांच्या मधोमध सतरंजीवर बसल्या. आवाज बारीक, त्यामुळे पोरं सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याला चिकटली. म्हातारी भोपळ्यात बसून निघालीय, आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली गोष्ट, पण वाघाने भोपळा अडवला तिथे बाई गप्प झाल्या. नुसत्या बघत राहिल्या एकेकाकडे. पाच सेकंद, दहा सेकंद. मागून एक पोरगा ओरडला "टुणूक टुणूक!" आणि मग सगळी सतरंजी टुणूक टुणूक करत उड्या मारायला लागली. पाहुणे खुर्चीवर बसून होते, त्यांचं भाषण माईक नसल्यामुळे रद्द. वीस मिनिटांत कार्यक्रम संपला. एवढ्या दिवसांतला हा एकच कार्यक्रम माझ्या मते पूर्ण जमला आणि तो माईक बिघडल्यामुळे जमला.

स्टार द्यायचे तर देवघेवीला पाच, दिवाळी अंकांना पाच, अभ्यासिकेला तीन, किल्लीची व्यवस्था झाली की चार करेन. स्टेजला दोन, तेही बाईंमुळे.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा दिवाळी अंक परत करायला गेलो. आईने नियम मोडून तो शेजारच्या काकूंना वाचायला दिलेला आणि काकूंनी चकली खाता खाता वाचलेला, पान ८० वर तेलाचा हा एवढा गोल डाग. मी काउंटरवर हळूच सरकवला, वाटलं बघणार नाहीत. मॅडमनी पानं सर्रकन फिरवली, बरोबर ८० वर थांबल्या, माझ्याकडे बघितलं. दंड किती विचारलं तर मान हलवली. ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, डागाभोवती गोल केला आणि बाजूला तारीख टाकून छोटा त्रिकोण काढला. "आता हा डाग वहिनींच्या नावावर," म्हणाल्या, "पुढच्याने मला सांगायचं नाही की आधीच होता की नव्हता." आणि अंक मामांकडे दिला, टाल्कम पावडर लावून ठेवा म्हणून.